लेकीची प्रतिकारशक्ती वाढवायची की आवरायची?

पत्र : आदरणीय डॉक्टर, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. पाच महिन्यांपूर्वी ती वाळत चालली, रात्रीतून तीन-चारदा पाण्यासाठी उठू लागली आणि एके दिवशी उलट्या होऊन धाप लागली तेव्हा रुग्णालयात न्यावे लागले. साखर ५४० निघाली. टाइप वन मधुमेह आहे, शरीराच्याच पेशींनी स्वादुपिंडावर हल्ला केला, असे सांगितले. आता रोज चार वेळा इन्सुलिन चालते. सासूबाई तिला सकाळी गुळवेलीचा काढा देतात. प्रतिकारशक्ती वाढली की सारे सुरळीत होईल, असे त्यांचे म्हणणे. गेल्या दोन महिन्यांत इन्सुलिन खरोखरच निम्म्यावर आले आहे, त्यामुळे ‘आता सुया बंद करून पाहू’ असा घरात सूर आहे. माझ्या दिरांनी वाचले की टी पेशींच्या संशोधनाला नोबेल मिळाले. त्यांनी एका दवाखान्यात चौकशी केली. तिथे पेशी-उपचाराने मधुमेह मुळातून जाईल असे सांगतात, खर्च साडेचार लाख. दागिने मोडायची माझी तयारी आहे. धाकटा मुलगा सात वर्षांचा आहे, त्यालाही हे होईल का? आणि माझे काही चुकले का? – एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण त्यांतल्या एकाचे उत्तर आजच घरात अमलात यायला हवे. म्हणून तुमचा क्रम मोडून त्यापासून सुरुवात करतो. इन्सुलिन बंद करायचे नाही. मात्रा कितीही कमी झालेली असो, साखर कितीही दिवस चांगली राहिलेली असो, ताप-उलट्यांमुळे मुलगी दिवसभर नीट जेवलेली नसो, तरी दिवसभर पुरणारे जे मूळ इन्सुलिन तिला लावून दिले आहे ते एक दिवसही चुकवायचे नाही, आणि मात्रेतला प्रत्येक बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करायचा.

मात्रा निम्म्यावर आली हे खरे आहे, त्याचा आनंदही खरा आहे, पण त्याचे श्रेय काढ्याचे नाही. टाइप वन मधुमेहाचे निदान होते त्या दिवशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी सगळ्याच मेलेल्या नसतात. काही शिल्लक असतात, मात्र वाढलेल्या साखरेच्या माऱ्याने त्या थकून निपचित पडलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळू लागले, साखर उतरली, की त्यांना उसंत मिळते आणि त्या पुन्हा थोडेफार काम करू लागतात. मग बाहेरच्या इन्सुलिनची गरज घटते. वैद्यकात या काळाला ‘हनिमून’ म्हणतात. तो काही महिने टिकतो, क्वचित वर्षभर किंवा त्याहूनही अधिक, आणि काढा न घेणाऱ्या मुलांतही तो असाच येतो. हल्ला मात्र या काळात थांबलेला नसतो. शिल्लक पेशीही हळूहळू कमी होत जातात आणि मात्रा पुन्हा वाढते. अनेक घरांत नेमक्या याच महिन्यांत कुणीतरी काहीतरी सुरू केलेले असते, भस्म, आसन, नवस, पाण्याचा एखादा प्रयोग, आणि त्याच्या नावावर हे यश जमा होते. माझ्या नोकरीच्या वर्षांत मी अशी मुले पाहिली आहेत ज्यांचे इन्सुलिन हनिमूनच्या भरवशावर बंद केले गेले आणि जी काही दिवसांतच धाप लागलेल्या अवस्थेत, तुमची लेक आली होती तशीच, परत आली. स्वतःचे इन्सुलिन किती शिल्लक आहे हे सी-पेप्टाइड नावाच्या रक्ततपासणीत दिसते. घरातल्या शंकेखोरांना आकडा दाखवायचा असेल तर ती तपासणी डॉक्टरांकडून करून घ्या.

आता प्रतिकारशक्तीबद्दल. करोनाच्या काळापासून ‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी इतका बसला आहे की ती पाण्याच्या टाकीसारखी भरायची गोष्ट आहे असे वाटू लागते. तुमच्या लेकीच्या आजारात ती कमी पडलेली नाही. ती आवरली गेली नाही, एवढेच झाले आहे. तुमच्या दिरांनी ज्या नोबेलविषयी वाचले ते याच आवरण्याच्या संशोधनाला आहे. ते नीट समजले तर काढा आणि दवाखाना या दोन्हींचे उत्तर तुम्हाला स्वतःलाच देता येईल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

टी पेशी या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक वर्ग. प्रत्येक टी पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे ओळख पटवणारे प्रथिन, असतो आणि तिला एका ठरावीक आकाराचा प्रथिनाचा तुकडाच ओळखू येतो. हे ग्राहक घडवताना शरीर जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून जुळवते, कारण उद्या कोणता जंतू येणार हे आज कुणालाच ठाऊक नसते. या पिसण्यात एक जोखीम आलीच: काही ग्राहक आपल्याच शरीरातल्या प्रथिनांना चिकटणारे निघतात. म्हणून नव्या टी पेशींची पारख छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत होते. या ग्रंथीचे महत्त्व जॅक मिलर यांनी १९६१ साली नवजात उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले. तोवर तिला निकामी अवयव समजत. थायमसमधल्या काही पेशी एआयआरई नावाच्या जनुकाच्या मदतीने एक विलक्षण काम करतात. त्या दूरदूरच्या अवयवांची प्रथिने थोडी थोडी स्वतःच बनवून नव्या टी पेशींपुढे धरतात, आणि जी टी पेशी आपल्याच प्रथिनाला घट्ट धरते तिला तिथेच संपवले जाते. या नमुन्यांत इन्सुलिनही असते. ज्यांच्या थायमसमध्ये जन्मजात ठेवणीमुळे इन्सुलिन जरा अधिक बनते त्यांना टाइप वन मधुमेहाचा धोका कमी असतो, असे १९९७ साली दिसून आले. मला ही माहिती फार बोलकी वाटते: लेकीच्या आजाराचा एक धागा तिने काय खाल्ले यात नसून, तिच्या छातीतल्या एका ग्रंथीने लहानपणी टी पेशींना इन्सुलिनची ओळख किती करून दिली, यात आहे.

तरीही ही पारख पुरी पडत नाही. निरोगी माणसाच्या रक्तातही स्वतःच्याच प्रथिनांना ओळखणाऱ्या टी पेशी सापडतात. तुमच्या रक्तात असतील, माझ्याही असतील. मग आपण सगळेच आजारी का पडत नाही? जपानमध्ये संशोधकांनी जन्मानंतर तीन दिवसांच्या उंदरांचे थायमस काढून पाहिले होते. टी पेशींची शाळाच बंद केली तर प्रतिकारशक्ती दुबळी होईल अशी अपेक्षा होती. घडले उलटे, ती चवताळून उंदरांच्या स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडली. शिमोन साकागुची नागोयामध्ये असताना या कोड्याकडे वळले. त्यांनी निरोगी उंदरांच्या टी पेशी काढून या थायमस नसलेल्या उंदरांना टोचल्या आणि आजार टळला. याचा सरळ अर्थ असा की टी पेशींतच काही अशा आहेत ज्या दुसऱ्या टी पेशींना आवरतात. दाबून ठेवणाऱ्या टी पेशींची कल्पना त्या काळी बदनाम झालेली होती; आधीचे काही दावे टिकले नव्हते आणि बहुतेकांनी तो विषय सोडून दिला होता. साकागुची सोडून गेले नाहीत. दहाएक वर्षे खपून त्यांनी १९९५ साली या पेशींची खूण दाखवली: पृष्ठभागावर सीडी ४ आणि सीडी २५ ही दोन प्रथिने. त्यांना आज नियामक टी पेशी म्हणतात.

दुसरा धागा अमेरिकेतला. १९४० च्या दशकात टेनेसी राज्यातल्या ओक रिज प्रयोगशाळेत किरणोत्साराचा परिणाम अभ्यासला जात असताना उंदरांच्या एका वंशात काही नर पिल्ले खपल्या धरलेल्या त्वचेची, सुजलेल्या प्लीहेची जन्मू लागली आणि काही आठवड्यांतच मरू लागली. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल या दोघांनी १९९० च्या दशकात, वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल गावी एका औषध कंपनीत काम करताना, या उंदरांतले बिघडलेले जनुक शोधायचे ठरवले. एक्स गुणसूत्राचा एक भाग हळूहळू आखडत आणून त्यांनी वीस जनुकांपर्यंत मजल मारली, मग एकेक तपासले, आणि दोष सापडला तो विसाव्यात. त्या जनुकाला त्यांनी फॉक्सपी ३ हे नाव दिले. २००१ साली हेही सिद्ध झाले की माणसांत याच जनुकाच्या दोषाने आयपेक्स नावाचा दुर्मीळ, गंभीर आजार होतो. दोन वर्षांत साकागुची आणि इतरांनी दाखवले की फॉक्सपी ३ हेच नियामक टी पेशींना नियामक बनवते. दोन्ही धागे जुळले. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल या तिघांना मिळाले, ते ‘परिघीय प्रतिकार-सहिष्णुते’च्या शोधासाठी, म्हणजे थायमसच्या बाहेर, उर्वरित शरीरात, प्रतिकारयंत्रणा आपल्याच अवयवांना कशी खपवून घेते याच्या शोधासाठी.

यातली तुमच्या घराशी जोडलेली गोष्ट अशी: आयपेक्स घेऊन जन्मलेल्या मुलांना, ज्यांच्यात या आवरणाऱ्या पेशी कामच करत नाहीत, अनेकदा तान्हेपणीच मधुमेह होतो, आणि तो टाइप वनच्याच जातीचा असतो. म्हणजे स्वादुपिंडातल्या बेटांवर, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या त्या पुंजक्यांवर, सतत कुणाचा तरी पहारा असावा लागतो. गैरसमज नको, तुमच्या लेकीला आयपेक्स नाही. तिच्यात या पेशी आहेत. तिच्या बाबतीत वारशाने आलेली ठेवण आणि बाहेरची काही निमित्ते मिळून, एका अवयवापुरता तो पहारा अपुरा पडला आहे.

हे लक्षात घेतले तर काढ्याचा प्रश्न वेगळा दिसतो. हल्ला करणाऱ्या यंत्रणेला आणखी बळ द्यावे हा विचारच इथे बसत नाही. गुळवेलीविषयी एक नेमकी गोष्टही सांगण्यासारखी आहे. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासण्यांत स्वप्रतिकाराची, म्हणजे शरीराने स्वतःवरच केलेल्या हल्ल्याची, चिन्हे होती, आणि काहींत आधी दडून असलेला तसा यकृतविकार गुळवेलीने उघडा पाडला असावा असा त्यांचा निष्कर्ष होता. आयुष मंत्रालयाने त्यावर जाहीर आक्षेप घेतला आणि वाद झाला. तो वाद बाजूला ठेवूनही माझे मत स्पष्ट आहे: ज्या मुलीची प्रतिकारयंत्रणा एकदा स्वतःवर उलटली आहे तिला ‘प्रतिकारशक्तीवर्धक’ म्हणून विकले जाणारे काहीही देऊ नये. लसी मात्र वेळेवर द्याव्यात. ते प्रतिकारशक्तीला एका विशिष्ट जंतूची ओळख करून देणे आहे, सरसकट चेतवणे नव्हे.

आता त्या दवाखान्याकडे वळू. नियामक टी पेशी रुग्णाच्या रक्तातून काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि परत द्यायच्या, ही कल्पना खरोखर तपासली गेली आहे. २०१५ साली अमेरिकेत टाइप वन मधुमेहाच्या चौदा प्रौढांवरील पहिल्या चाचणीचा अहवाल आला. उपचार सुरक्षित दिसला आणि काही पेशी वर्षभरानंतरही रक्तात सापडल्या. पुढे तुमच्या लेकीच्या वयाच्या, आठ ते सतरा वर्षांच्या, शंभराहून अधिक मुलांवर मोठी चाचणी झाली, आणि तिथे एकदा दिलेल्या या पेशींनी शिल्लक इन्सुलिन टिकवून धरले नाही. हे संशोधकांनीच प्रसिद्ध केले, लपवले नाही. प्रयत्न थांबलेले नाहीत, पण आजमितीला हा उपचार नसून प्रयोग आहे, आणि मूळ संशोधक जे छातीठोकपणे म्हणत नाहीत ते साडेचार लाखांत कुणी म्हणत असेल तर त्याला चार प्रश्न विचारलेच पाहिजेत. दिरांना सांगा, दवाखान्याकडून चाचणीचा भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक मागा, नीती समितीची (एथिक्स कमिटीची) मान्यता पाहा, आणि पैसे कशाचे घेता हे विचारा. खऱ्या चाचणीत तपासल्या जाणाऱ्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा, वापर रक्ताच्या काही आजारांतल्या प्रत्यारोपणासारख्या मान्य उपयोगांपलीकडे, नोंदणीकृत चाचणीबाहेर, करता येत नाही. त्या दवाखान्याच्या पेशी नेमक्या कोणत्या जातीच्या आहेत हेही विचारायला सांगा. मला वाटते, संभाषण तिथेच आटोपेल.

दोन खऱ्या बातम्या मात्र दिरांच्या कानावर असाव्यात. पहिली टेप्लिझुमॅब या औषधाची: ते टी पेशींवरच काम करते, चौदा दिवस शिरेतून दिले जाते, आणि अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ती मान्यता मुख्यतः उभी आहे तिच्यात ७६ जण होते आणि मधुमेह सुमारे दोन वर्षे पुढे ढकलला गेला. पण ते ज्यांना अजून लक्षणे नाहीत अशांसाठी आहे. लेकीची ती वेळ निघून गेली आहे. दुसरी बातमी २०२५ ची: मूलपेशींपासून तयार केलेल्या बेट-पेशी बारा प्रौढ रुग्णांना दिल्यावर दहा जण वर्षभरानंतर इन्सुलिनशिवाय होते. ऐकून तुमच्या डोळ्यांत पाणी येईल हे मी जाणतो, म्हणून लगेच पुढचे लिहितो. त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सतत घ्यावी लागतात, आणि त्या औषधांची जोखीम अकरा वर्षांच्या, इन्सुलिनवर ठीक असलेल्या मुलीवर लादणे आज कुणी शहाणा डॉक्टर सुचवणार नाही. नव्या पेशी शरीराने औषधांविना खपवून घ्याव्यात, हेच तर सहिष्णुतेच्या संशोधनापुढचे उरलेले काम आहे. दागिने मोडू नका. पैसे खर्चायचेच असतील तर साखर सतत मोजणारा सेन्सर, पुरेशा पट्ट्या आणि लघवीतले किटोन (इन्सुलिन अपुरे पडले की शरीरात साचणारी आम्ले) तपासायच्या पट्ट्या यांवर खर्च करा. त्याचा उपयोग उद्या सकाळपासून होईल.

धाकट्याबद्दल. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाच्या भावंडाला तो होण्याची शक्यता शंभरात साधारण पाच असते. सर्वसामान्य मुलांहून बरीच जास्त, पण शंभरातले पंचाण्णव सुटतात हेही तितकेच खरे. रक्तात स्वादुपिंडाविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) आहेत का ही तपासणी करता येते. दोन किंवा अधिक प्रकारची सापडली तर दहा वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता सुमारे सत्तर टक्के असते. तपासणी करावी की नाही हा निर्णय तुम्हा दोघांचा. करण्याच्या बाजूने मोठा मुद्दा हा की पुढे आजार झालाच तर तो धाप लागायच्या आत कळतो. नाही केलीत तरी तहान, वारंवार लघवी, गादी ओली होणे, वजन घटणे यांतले काही दिसताच घरच्याच यंत्रावर त्याची साखर बघा. रोज बोट टोचत बसू नका. सात वर्षांच्या मुलाला बहिणीच्या आजाराची शिक्षा नको.

तुमचे काही चुकले का? नाही. शेवेने नाही, पोह्यांबरोबरच्या जिलबीने नाही, अंगावरचे दूध लवकर सुटले असेल तर त्यानेही नाही. हा हल्ला लक्षणे दिसण्याच्या कितीतरी महिने, बहुधा वर्षे, आधी सुरू झालेला असतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एक तपासणी मात्र राहिली असेल तर करून घ्या: या मुलांत थायरॉइडचा आणि गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिॲकचा आजार इतरांपेक्षा अधिक आढळतो, कारण मूळ बिघाड एकाच जातीचा आहे. कुणाच्या सांगण्यावरून आधीच पोळी बंद करू नका. गहू बंद केला की सिलिॲकची तपासणी फसवी येते.

राहिल्या सासूबाई. त्यांचा काढा थांबवताना त्यांच्या हातून काम काढून घेऊ नका, दुसरे द्या. साखर ७० च्या खाली गेली की मुलीला घाम फुटेल, हात थरथरतील, ती चिडचिड करील किंवा गुमसुम होईल. त्या वेळी घरात बहुधा त्याच असतील. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, अजून कमी असेल तर तेवढेच पुन्हा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, तडक रुग्णालय गाठायचे. आणि त्यांना हे आवर्जून सांगा की अशा वेळी जिलबी किंवा पेढा चालत नाही. तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. साखरेचा एक छोटा डबा त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच ताब्यात असू द्या.